पुढं दे

१

दुसरी शिफ्ट असली की सकाळ माझी स्वतःची. रोह्याच्या एका कारखान्यात मी फिटर होतो. दुपारी कासू स्टेशनला जाऊन गाडी धरायची आणि गाव झोपल्यावर घरी यायचं. त्यामुळे माझं जे काही जगणं होतं ते सकाळचं, आणि त्यातलाही पहिला वेळ बांधावर जायचा. हौसा, माझी बायको, म्हणायची की लोक देवळात जातात आणि आमचा हा माणूस खेकड्यांच्या दर्शनाला जातो.

आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं. खाडी आणि गाव यांच्यामध्ये मातीचा एक बांध, पणज्यांनी हातांनी घातलेला. भरतीचं पाणी बांधाच्या पलीकडे, भातशेती अलीकडे. बांधाला खेकडे बिळं पाडतात. बिळातून आधी करंगळीएवढी धार येते, मग मनगटाएवढी, आणि एखाद्या उधाणाला बांधच फुटतो. त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. म्हणून बीळ दिसलं की टाचेनं दाबायचं आणि वर मूठभर चिखल लिंपायचा. हे काम गावात कुणीच करत नव्हतं, म्हणून मी करत होतो. मी काही पुण्यवान नाही. मला गळती बघवत नाही, एवढंच.

पूर्वी खांड पडली की हाक जायची आणि चुलीमागे एक माणूस यायचंच. नवरा तापानं पडलेला असेल तर बायको यायची. बांधापासून आतल्या शेतापर्यंत रांग लागायची. शेतात कुणीतरी फावड्यानं चिखलाच्या चौकोनी ढेपा कापायचा, आणि ढेप हातोहात खांडीपर्यंत जायची. डाव्या अंगाच्या माणसाकडून घ्यायची, उजव्या अंगाच्याला द्यायची. मान वर करायची नाही, नजर ढेपेवर. हातात आलेली ढेप खाली ठेवायची नाही. रांगेत शब्द एकच चालायचा, ‘पुढं दे’. मी पोरवयात त्या रांगेत उभा राहिलेलो आहे, आणि तेवढा आनंद मला पुढे पगाराच्या दिवशीही झाला नाही.

त्या श्रावणातल्या सकाळी बांधाच्या आतल्या पायथ्याशी मला एक खड्डा दिसला. खेकड्याचा नव्हता. चौकोनी होता, कडा सरळ, तळ सपाट. जुन्या माणसांनी ढेप कापावी तसा कुणीतरी तो कापला होता. कापलेली ढेप मात्र आसपास कुठेच नव्हती. बांधाजवळ तेवढीच एक दलदलीची पट्टी उरली होती, तिथे फावडं घेऊन जायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

मी टाचेनं कडा मोडल्या आणि घरी आलो.

२

घरी आनंद होता. मैना, आमची एकुलती, बाळंतपणाला आली होती. याआधी दोनदा तिचं पोट राहून रिकामं झालेलं. दुसऱ्या वेळी ती तोंडानं काही बोलेना, नुसती भिंतीकडे बघत बसायची. या खेपेला पेणच्या दवाखान्यात मुलगा झाला, धड आणि रडका. डाव्या हाताच्या करंगळीला लागून चवळीच्या दाण्याएवढं सहावं बोट होतं. आमच्यात कुणाला असलं बोट नाही, जावयाकडे नाही. हौसा म्हणाली, घोड्याचा केस बांधला की गळून पडेल. मैनेनं हात लावू दिला नाही. तिला ते पोर जसंच्या तसं हवं होतं.

त्या पोरासाठीच मी आमचं शेवटचं भातखाचर भराव घालून बुजवलं होतं. आमच्या आज्याच्या एका घराच्या आता सात चुली झाल्या होत्या. पडवीत चूल, माजघरात चूल, गोठ्याच्या जागी चूल. बाळंतिणीला पाठ टेकायला कोपरा नव्हता. माझा चुलतभाऊ कान्हू डंपर चालवायचा. त्यानं गावामागच्या टेकडीचा मुरूम आणून खाचरात ओतला आणि त्यावर मी एक खोली काढली.

मी एकट्यानं केलं असतं तर टेकडीला काय होणार होतं? पण सगळ्यांनीच केलं. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी मैना होतीच. वर बाहेरच्या लोकांनी प्लॉट घेतले, त्यांचेही भराव पडले. अर्धी टेकडी कापली गेली, बांधाबाहेरची तिवराची झाडं सरपणाला गेली. पावसाचं पाणी खाचरात थांबून मुरायचं, त्याला थांबायला जागा राहिली नाही. विहीर मचूळ झाली. चहा खारट लागायला लागला तेव्हा आम्ही साखर वाढवली. माणसं वाढली ही तक्रार तरी कुणाकडे करायची, ती सगळी आपलीच असतात. मला तर त्यातलं सगळ्यात नवं माणूस मांडीवरून खाली ठेववत नव्हतं.

दवाखान्यातून हौसानं बाळाची वार मागून आणली होती. ती मडक्यात घालून, वर हळदकुंकू वाहून, नव्या खोलीच्या न्हाणीजवळ पुरायची. जिथे वार पुरली तिथे पोराचं मूळ धरतं असं मानतात. मी असल्या गोष्टी फारशा मानत नाही, पण खड्डा मीच खणला. मडक्याच्या तोंडाला माझ्या कारखान्यातल्या जुन्या डांगरीचा निळा तुकडा लावला आणि तांब्याच्या तारेनं पिळून आवळला. तशी पिळी फक्त फिटरच घालतो.

३

खड्डे वाढले. दर दोनचार सकाळी नवा दिसायचा, आणि प्रत्येक खड्डा आधीच्यापेक्षा गावाच्या जवळ. बांधाचा पायथा झाला, मग कान्हूच्या भरावाची कड, मग आमच्या वाटेचा काठ. मी कान्हूला विचारलं. तो हसला. म्हणाला, टेकडी मोकळी पडलेली असताना ढेपेढेपेनं माती कोण चोरील? त्याचं बरोबर होतं. मी स्वतःला समजावलं की कुणी मूर्तीसाठी माती नेत असेल, पेणला कारखाने थोडे आहेत का. पण खारट चिखलाची मूर्ती कुणी करत नाही, हे पेणच्या माणसाला सांगावं लागत नाही.

एक दिवस मी ओहोटीच्या वेळी बांधावर उभा होतो. ऊन चढलं होतं आणि खाडीचा चिखल तापून वाफा निघत होत्या. त्या वाफांतून लांबवर मला माणसं दिसली. बायका खुबे, म्हणजे शिंपल्या, वेचायला जातात, तशाच असाव्यात असं वाटलं. पण खुबे वेचणारी माणसं पांगलेली असतात आणि वाकलेली असतात. ही ताठ उभी होती, एकाशेजारी एक, बांधाच्या दिशेनं लांबलचक रांगेत. जिथे ती उभी होती तिथे माणूस गळ्यापर्यंत रुततो.

त्यांचे हात हलत होते. डावीकडून उजवीकडे, त्याच एका लयीत. ती लय मी अंगानं ओळखली आणि माझे स्वतःचे हात उगाच थोडे उचलले गेले. रांगेचं अलीकडचं टोक मला दिसेना. बांधाच्या आडोशाला ते कुठे संपत होतं, की संपतच नव्हतं, कोण जाणे.

डोळे चोळून पाहिलं तर नुसता चिखल. मला दोन शिफ्टांची झोप नव्हती, वय झालेलं, आणि उन्हात खाडी काय काय दाखवते. मी ही तिन्ही कारणं मनाशी पक्की केली. तरी परतताना मी वाट सोडून चाललो, म्हणजे तो नवा खड्डा दिसणार नाही.

४

मग मैना म्हणाली की खोलीत आवाज येतो.

“कसला गो?” मी विचारलं.

“कुणीतरी चिखलातून पाय काढतंय, तसा. पन खालून येतो, बाबा.”

मी फिटर माणूस. ज्याला आवाज आहे त्याला कारण आहे, यावर माझी आयुष्यभर भाकरी चाललेली. मी लादीला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग एक चपक्क असा ओला आवाज, आणि थोड्या वेळानं दुसरा. घाई नव्हती त्यात. काम करणाऱ्याच्या दमाचा आवाज होता तो.

मी लादीवर हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. दाराशी भरीव, मधे भरीव, न्हाणीच्या बाजूला पोकळ. मी ओळंबा आणून भिंतीला लावला. भिंत झुकली होती. पाळण्याचे दोन्ही दोर मी स्वतः मापून बांधले होते, तरी पाळणा सारखा न्हाणीकडे सरकून थांबायचा. समईतलं तेलही एका अंगाला कललेलं.

नवा भराव बसतो, असं मी मैनेला सांगितलं. पहिल्या पावसाळ्यात बसतोच. दिवाळीनंतर लादी उचलून पुन्हा मुरूम दाबून घेऊ. ती मान हलवत होती, पण तिची नजर पाळण्यावर होती. पोर झोपेत डावी मूठ उघडायचं आणि मिटायचं.

तिला जुन्या घरात हलवावं असं माझ्या मनात आलं. मी डोकावून पाहिलं. माजघरात भावाच्या सुना पोरांसकट आडव्यातिडव्या पडल्या होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. मी तसाच मागे फिरलो. मला भीती वाटत होती आणि ती ठेवायलाही जागा नव्हती.

५

भादव्याच्या अमावास्येला ऐन दुपारी उधाणाची भरती होती. मी डबा घेऊन कासूला निघालो होतो. वाटेवरून सहज बांधाकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला. खांड पडली होती. दोन बैलगाड्या जातील एवढी, आणि तपकिरी पाणी त्यातून आत येत होतं, अगदी सावकाश, ओळखीच्या घरात यावं तसं.

मी हाक दिली. कित्येक वर्षांत कुणी दिली नव्हती, तरी ती गळ्यात होती. खांड पडली, खांड पडली, असं ओरडत मी गावाच्या तोंडापर्यंत पळालो. प्लॉटवाल्यांच्या खिडक्या उघडल्या आणि पुन्हा लागल्या. आमच्या भावकीतली पोरं शिफ्टला गेलेली. कान्हूचा डंपर घाटात होता. महिपती काका, गावातले सगळ्यात म्हातारे, तेवढे काठी शोधायला उठले. मी थांबलो नाही, परत बांधाकडे पळालो. एकट्यानं काय होणार हे मला कळत होतं. पण पाणी गावात शिरलं तर पहिल्यांदा मैनेच्या खोलीत शिरणार होतं.

बांधाशी पोचलो तर रांग लागलेली.

माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. एवढी माणसं आली तरी कुठून? सगळी चिखलानं माखलेली, चेहरे ओळखू न येणारी. प्लॉटवाले असतील, मी म्हटलं, आपण उगाच त्यांना नावं ठेवतो. रांगेत एका माणसापुरती जागा मोकळी होती. मी तिथे उभा राहिलो, मान खाली घातली, आणि डाव्या अंगानं ढेप आली.

घेतली, दिली. दुसरी घेतली, दिली. लय लागली. हात थंडगार होते त्या लोकांचे, पण चिखलात कुणाचे हात ऊन राहतात? एकच गोष्ट खटकली. कुणी ‘पुढं दे’ म्हणत नव्हतं. पाण्याचा आवाज तेवढा, आणि ढेप हातातून सुटण्याचा तो ओला आवाज. मी एकदा स्वतःच म्हणालो, पुढं दे. पुढची ढेप तेवढी आली. तरी मी खूश होतो. पोरवयातला तो आनंद परत आल्यासारखा मी राबत होतो.

आधी काळा चिखल येत होता. मग ढेपा तांबड्या यायला लागल्या. मुरूम, आमच्या टेकडीचा. मग ढेपेत विटेचा तुकडा दिसला. मग लादीची कपची, गुळगुळीत, हिरवी. मैनेच्या खोलीला तसलीच लादी घातली होती मी, पण तसली लादी गावभर होती.

आणि तेव्हा मला ते सुचलं, जे पहिल्याच ढेपेला सुचायला हवं होतं. चिखल नेहमी आतल्या शेतातून कापायचा. पण आत शेत कुठे होतं? एकही खाचर उरलं नव्हतं. बांधापासून टेकडीपर्यंत घरंच घरं होती. मग ही रांग कुठून कापून आणत होती?

मी नियम मोडून मान उजवीकडे वळवली. रांग खांडीशी थांबली नव्हती. ती खांडीतून बाहेर गेली होती, पाण्यात, खाडीत, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि ढेपा त्या हातांवरून लांब लांब चालल्या होत्या. खांड एका ढेपेनंही भरली नव्हती.

डाव्या अंगानं ओझं आलं म्हणून मी सवयीनं हात पुढे केले. ढेपेत मडकं होतं. तोंडाला निळा कपडा, त्यावर तांब्याच्या तारेची पिळी.

ते मला देणारे हात म्हाताऱ्याचे होते. कातडी सुरकुतलेली, नखं चिखलानं काळी. डाव्या करंगळीला लागून सहावं बोट होतं, वाळून गेलेलं, वाकडं. त्या हातांनी मडकं सोडलं नाही. मी घट्ट धरलंय याची खात्री होईपर्यंत ते तसेच थांबले, मायेनं थांबल्यासारखे. चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. मला पाहवलं नाही.

उजव्या अंगाचे हात पुढे आले होते. वाट पाहत होते.

मी मडकं पोटाशी धरलं आणि पळत सुटलो.

६

खोली नव्हती. भिंती सरळ खाली गेल्या होत्या, आवाजही न करता, आणि त्या जागी चौकोनी खड्डा होता, कडा सरळ, त्यात पाणी चढत होतं. मैना चिंचेखाली उभी होती, पोर छातीशी. ते इतकं रडायला लागलं की तिनं त्याला बाहेर आणलं, म्हणाली. म्हणून वाचली दोघं. मी तिथेच चिखलात बसलो आणि मोठ्यानं रडलो. हौसा मला उठवायला आली, तर मी मडकं तिच्या हाती देईना.

महिपती काका नंतर मला म्हणाले, “रगू, मी बांधावर आलो तवा तू एकटाच व्हतास रे. वाऱ्यात हात फिरवीत व्हतास.”

असेन. दोन शिफ्टांची झोप, वय, ऊन. तीन कारणं मी अजून सांभाळून ठेवली आहेत. मडकं मात्र कुठल्याच कारणात बसत नाही.

गाव त्या वर्षापासून खारट झालं आणि हळूहळू उठलं. आम्ही रोह्याला आलो. कारखान्यामागे चाळ आहे, तीत एक खोली, आम्ही दोघं, मैना, जावई आणि पोर. जावयाचा भाऊ बायकोला घेऊन यायचा म्हणतोय. खिडकीतून डोंगर दिसतो, त्याला मशीन लागलंय, चाळींसाठी जागा करतायत. मडकं खाटेखाली आहे. चाळीत सगळीकडे सिमेंट. मी सुट्टीच्या दिवशी दूरवर फिरून आलो, पण ज्या जमिनीवर कुणाचं काही उभं राहणार नाही अशी हातभर जमीन मला सापडली नाही. जिथे थांबलो तिथे खुंट्या ठोकलेल्या होत्या.

पोराचं नाव जनू. तो आता बोलतो, धावतो. गाव त्याला आठवत नाही. बांध त्यानं पाहिलेला नाही, आणि त्याच्यासमोर त्याविषयी बोलायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे.

परवा सकाळी मी दुसऱ्या शिफ्टच्या तयारीत होतो. चाळीच्या दारात डोंगराच्या मातीचा ढीग पडलाय, पावसानं भिजलेला. जनू घरातलं उलथनं घेऊन त्यात बसला होता. तो खेळत नव्हता. कापत होता. कड सरळ, तळ सपाट. मी उंबऱ्यात उभा राहून पाहत राहिलो.

ढेप सुटली तेव्हा तो चपक्क आवाज झाला. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली, माझ्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला, मान खाली, नजर ढेपेवर.

“आजा, पुढं दे.”

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी ढेप घेतली, कारण पोर देत होतं आणि पोराचे हात इवलेसे होते. हातात आलेली ढेप खाली ठेवायची नसते. मी उजव्या अंगाला वळलो. तिथे चाळीची भिंत आहे, दुसरं काही नाही.

माझ्या हातातलं ओझं कुणीतरी अलगद घेतलं.